ट्युरिंग-पूर्ण म्हणण्याआधी मेमरी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत माइनक्राफ्ट या ठोकळे रचण्याच्या संगणक-खेळामध्ये संगणक बांधणाऱ्या मुलांविषयीचा लेख आला. रेडस्टोन (खेळातली वीज वाहणारी भुकटी), टॉर्च (एरवी वीज देणारी, पण तिच्या ब्लॉकला वीज मिळाली की विझणारी) आणि रिपीटर (वीज थोडी थांबवून पुन्हा जोमाने पुढे सोडणारा) या मंडळींना मराठी वर्तमानपत्राने अर्धे पान दिले, हे छानच झाले. पण असा संगणक ‘ट्युरिंग-पूर्ण’ असतो, म्हणून खरा संगणक जे जे करतो ते सगळे तो करू शकतो, फक्त सावकाश, अशा अर्थाचे एक विधान त्यात आहे. विज्ञान प्रदर्शनांच्या तक्त्यांवरही हेच वाक्य दरवर्षी दिसते. ते जसेच्या तसे खरे नाही. आणि मुलांचे यंत्र जिथे हटकून अडते, नेमकी तीच जागा या वाक्याखाली झाकली जाते, म्हणून हे लांबलचक पत्र.

अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ साली कागदावर मांडलेल्या यंत्राला चौकोनांची एक पट्टी होती. यंत्र एका वेळी एकच चौकोन वाचणार, त्यावर लिहिणार आणि डावीउजवीकडे एक घर सरकणार. या यंत्राला जमणारे प्रत्येक काम ज्याला जमते, त्याला ट्युरिंग-पूर्ण म्हणतात. पट्टी कधीही संपत नाही, ही त्यातली कळीची अट. कोणत्याही क्षणी वापरात आलेली पट्टी मोजकीच असते. पण आणखी हवी म्हटली की मिळायलाच हवी. ही अट काढली तर उरते ते ठरावीक स्थितींचे यंत्र, आणि ते सिद्धांताच्या दृष्टीने अगदी खालच्या पायरीवरचे आहे. १२८ बिट (बिट म्हणजे एक ० किंवा १) मेमरीच्या यंत्राला २ चा १२८ वा घात एवढ्याच स्थिती असतात, म्हणजे ३४ वर ३७ शून्ये. आकडा अवाढव्य खरा, पण मोजका. तेवढ्या पावलांत यंत्र एकतर थांबते, नाहीतर एखाद्या जुन्या स्थितीत परत येऊन तिथेच फिरत राहते.

बडोद्याच्या वाचकाला हा फरक मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीवरून चटकन समजेल. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी बसवली. वर्गीकरणाची पद्धत कितीही पुस्तकांना क्रमांक देऊ शकते. क्रमांक कधी संपत नाहीत. कपाटे मात्र संपतात. ट्युरिंग-पूर्ण हे विशेषण वर्गीकरणाच्या पद्धतीला, म्हणजे खेळाच्या नियमांना शोभते. लेखाने ते कपाटाला चिकटवले.

यावर कोणीही म्हणेल, मग खिशातल्या फोनची मेमरी तरी कुठे अमर्याद आहे? बरोबर आहे. काटेकोरपणे पाहिले तर फोनही ट्युरिंग-पूर्ण नाही. पण फोनमध्ये अब्जावधी बाइट असतात आणि बहुतेक कामे मेमरीच्या भिंतीला टेकण्याआधीच उरकतात, म्हणून तिथे ‘जवळजवळ अमर्याद’ ही सवलत चालून जाते. मुलांच्या रेडस्टोन संगणकाची मेमरी असते १६ बाइट, म्हणजे वरचेच १२८ बिट. तो पहिल्याच दिवशी भिंतीवर आदळतो. फोनची सवलत त्याला लावणे म्हणजे पिंपातल्या पाण्याला समुद्र म्हणण्यासारखे आहे.

ही भिंत कुठून येते ते पाहायचे, तर एक बिट कसा बांधतात तिथपासून सुरुवात करावी लागेल. सगळ्यांत सुटसुटीत बिट दोन रिपीटरचा. पहिल्या रिपीटरच्या पाठीत माहितीची तार सोडायची. दुसरा रिपीटर त्याच्या कुशीत, तोंड पहिल्याच्या बाजूला करून ठेवायचा. दुसऱ्यात वीज आली की पहिला कुलूपबंद होतो: त्यावरची सरकती टॉर्च नाहीशी होऊन तिथे आडवी पट्टी दिसते, आणि मागून काहीही आले-गेले तरी पुढचा निकाल बदलत नाही. म्हणजे कुलपाची तार एरवी चालू असते आणि लिहायच्या वेळी तेवढी बंद करायची. त्यासाठी तारेच्या तोंडाशी एक टॉर्च लावतात. लिहिण्याचा हुकूम आला की ती विझते.

नव्वद टक्के घोळ इथे होतात असे म्हटले तरी चालेल. क्रम असा ठेवावा: आधी माहितीची तार स्थिर करा, मग कुलूप किमान २ टिक उघडे ठेवा, कुलूप लावा, आणि त्यानंतर आणखी एक-दोन टिक माहिती तशीच राहू द्या. (रेडस्टोनचा एक टिक म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. खेळाचा स्वतःचा टिक त्याच्या निम्मा, सेकंदाला २०. हे दोन टिक एकमेकांत मिसळले की सगळे हिशेब दुपटीने चुकतात.) मुले माहिती आणि कुलूप एकाच बटणावरून सोडतात. मग माहिती जाणे आणि कुलूप लागणे एकाच टिकवर येते, आणि आधी कोणाचा नंबर लागला यावर बिट ठरतो. तीच जोडणी एका जागी चालते आणि दहा ब्लॉक पलीकडे पुन्हा बांधली की चुकते. मुलांना वाटते खेळात बग आहे. बग खेळात नसतो, वेळ पाळलेली नसते.

दोन टॉर्चचा जुना लॅचही (बिट धरून ठेवणारी जोडणी) चालतो, एक टॉर्च दुसरीला विझवते तो. पण त्यात दोन्ही बाजूंचे हुकूम एकदम देऊन एकदम काढले की टॉर्च लुकलुकू लागतात, आणि ६० गेम टिकांत, म्हणजे ३ सेकंदांत, ८ हून अधिक वेळा टॉर्च बदलली की ती जळून विझलेलीच राहते. साठवलेला बिट गेला. आमचे मत विचाराल तर नवख्यांनी मेमरीसाठी टॉर्चचा लॅच वापरूच नये.

आता १६ शब्द (शब्द म्हणजे मेमरीतली एक जागा), प्रत्येकी ८ बिट, अशी मेमरी घ्या. १२८ बिटांना २५६ रिपीटर. एका रिपीटरला ३ दगड, २ रेडस्टोन टॉर्च आणि १ रेडस्टोनची भुकटी लागते. टॉर्चमधली भुकटी धरून ३ भुकटी. म्हणजे ७६८ भुकटी, ७६८ दगड आणि टॉर्चच्या काड्या ५१२. वाचण्यासाठी प्रत्येक बिटावर एक अँड गेट (दोन्ही तारांत वीज असेल तरच वीज सोडणारे), ३ टॉर्चचे: आणखी ३८४ टॉर्च. तारांची भुकटी वेगळी. हे सगळे खाणीत खणून जमवण्यात सुट्टी घालवू नये, सामान फुकट मिळते त्या क्रिएटिव्ह मोडमध्येच बांधावे. भुकटीच्या दोन तारा शेजारीशेजारी टाकल्या तर आपोआप जुळतात, म्हणून मध्ये एक ब्लॉक मोकळा सोडावा लागतो. ८ बिटांचा एक शब्द उभा रचला तर उंची १६ ब्लॉक.

शब्द निवडायला डीकोडर लागतो. पत्त्याचे, म्हणजे शब्दाच्या क्रमांकाचे, ४ बिट आणि त्यांचे उलटे ४, अशा ८ तारा. प्रत्येक शब्दाची टॉर्च त्यांपैकी आपल्या ४ तारांवर डोळा ठेवते आणि चारही बंद असतील तेव्हाच पेटते. जोडण्या ६४. पत्ता ८ बिटांचा केला की शब्द २५६ आणि जोडण्या २०४८. १६ बिटांना शब्द ६५,५३६ आणि जोडण्या १०,४८,५७६. पत्त्यात एकेक बिट वाढतो तशी मेमरी दुप्पट होते, पण डीकोडर दुपटीहून जास्त फुगतो. बेरीज करणारा भाग या सगळ्यापुढे किरकोळ आहे. तरीही प्रत्येक प्रकल्पात आधी बेरजेचे यंत्र बांधतात, कारण ते दिसायला छान दिसते.

अंतराचे दुखणे वेगळेच. भुकटीतून वीज १५ ब्लॉक जाते, मग रिपीटर हवा, आणि रिपीटर किमान १ टिक खातो. १६ ब्लॉकला १ टिक, म्हणजे सेकंदाला १६० ब्लॉक. रेडस्टोनचा वेग यापुढे जात नाही असे धरून चाला. १६ शब्द प्रत्येकी ४ ब्लॉक अंतरावर ठेवले तर मेमरीची लांबी ६४ ब्लॉक होते. पत्ता तिकडे जायला ४ टिक, माहिती परत यायला ४ टिक. म्हणून शून्याव्या शब्दापेक्षा पंधराव्याचे उत्तर ८ टिक उशिरा येते. घड्याळ शून्याव्या शब्दावर जुळवले जाते, चाचणी पास होते, टाळ्या पडतात, आणि परीक्षकाने पंधरावा शब्द मागितला की पडद्यावर मागच्या वेळचा आकडा येतो. उपाय दोन. घड्याळ सर्वांत लांबच्या शब्दावर जुळवा. किंवा पत्ता एका टोकाने आत घ्या आणि माहिती दुसऱ्या टोकाने बाहेर काढा, म्हणजे जवळच्या शब्दाची माहिती लांब चालते, लांबच्याची जवळ, आणि सगळ्यांची बेरीज सारखी येते. दुसरा उपाय जास्त चांगला, पण तो बांधायच्या आधी सुचावा लागतो. शिवाय प्रत्येक शब्द वाचनाच्या सामाईक तारेला मिळतो तिथे एक रिपीटर आडवा घाला, नाहीतर तारेतली वीज उलटी दुसऱ्या शब्दात शिरते.

एवढे करून १६ बाइटांत काय होते? ८ बिटांत फिबोनाचीची मालिका (मागच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा) २३३ पर्यंत ठीक दिसते. पुढचा आकडा ३७७ ऐवजी १२१ येतो, कारण २५६ गळून पडतात. प्रत्येक संख्येला एक बिट देऊन चाळण लावली तर १२८ च्या आतल्या ३१ मूळ संख्या सापडतात. आठ आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावता येतात. हे अजिबात कमी नाही. आज्ञावलीही त्याच १६ बाइटांत बसवायची असेल तर मात्र दहा आज्ञा लिहिल्या की माहितीला ६ जागा उरतात. लेखातल्या वर्णनावरून त्या यंत्रात अटीवरची उडी, म्हणजे निकाल शून्य असेल तर अमुक आज्ञेवर जा, ही सोय दिसत नाही. ती नसेल तर मेमरीचा वाद घालण्याचेही कारण नाही. तो चांगल्यापैकी कॅल्क्युलेटर आहे.

आता समजा, माइनक्राफ्टचे जग खरोखर अनंत आहे. तरीही हे यंत्र ट्युरिंग-पूर्ण होत नाही, आणि हा मुद्दा जाणकारांच्याही नजरेतून निसटतो. आज्ञेत पत्त्याला ४ बिट ठेवले की पत्ते १६. जग कितीही मोठे करा, सतरावा शब्द हाक मारूनही सापडणार नाही. पत्त्याची रुंदी बांधताना ठरते आणि तिथेच मेमरीचे आढे ठरते. अमर्याद मेमरी हवी असेल तर पत्त्याने शोधण्याची रचना सोडून शेजारच्या घरात सरकण्याची रचना घ्यावी लागते: पट्टी, नाहीतर एकावर एक रचलेल्या दोन चळती, नाहीतर हवे तितके वाढणारे मोजणीचे काटे. गंमत अशी की दिसायला ओबडधोबड असे पट्टीचे यंत्र या बाबतीत चकचकीत ८ बिटी संगणकापेक्षा वरचढ ठरते.

आणि जग अनंत नाहीच. खेळाच्या जावा, म्हणजे संगणकावरच्या मूळ आवृत्तीत सीमा मध्यापासून प्रत्येक दिशेला सुमारे ३ कोटी ब्लॉकवर आहे, आणि आवृत्ती १.१८ पासून उंची ३८४ ब्लॉक. (त्याही आधी, २०११ मधल्या बीटा १.८ पूर्वी, सुमारे सव्वा कोटी ब्लॉकवर जमीन तयार करण्याचे गणितच बिघडत असे आणि भोकाभोकांची उभी भिंत दिसे. ‘अनंत’ जग तिथेच संपलेले होते.) सगळे मिळून १३,८२४ कोटी कोटी ब्लॉक. वाचन-लेखनाच्या गेटसकट एका बिटाला २० ब्लॉक धरले तर कागदावर ८ पेटाबाइटहून जास्त मेमरी होते. कागदावरच. कारण खेळ सगळे जग एकाच वेळी चालवत नाही.

जग १६ बाय १६ ब्लॉकच्या चंकांत वाटलेले असते आणि खेळाडूच्या आसपासचेच चंक हालचाल करतात. जावा सर्व्हरवर हे अंतर मूळ सेटिंगमध्ये १० चंक असते: २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक, ४,३३,५२,०६४ ब्लॉक. वीसने भागा: साडेएकवीस लाखांच्या आसपास बिट, म्हणजे सुमारे २ लाख ७० हजार बाइट. एका जुन्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी, आणि तेही जमिनीपासून आभाळापर्यंत एकही ब्लॉक वाया न घालवता. मोबाइलवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीत हे अंतर ४ चंकांपर्यंत खाली असते. तिथे ९ गुणिले ९ धरले तरी ५० हजार बाइट होत नाहीत, आणि यंत्रापासून ६४ ब्लॉकच्या पलीकडे गेलात की ते थिजते.

नुसते थिजले तर एक वेळ ठीक. अर्धे यंत्र चालू भागात आणि अर्धे बंद भागात आले की एक तार हुकूम पाठवते आणि पलीकडे घ्यायला कोणी नसते. परत आल्यावर घड्याळ एका पावलावर आणि मेमरी दुसऱ्याच पावलावर सापडते. पिस्टन (ब्लॉक ढकलणारे दट्टे) आणि चिकट ब्लॉकांनी सरकणारे यंत्र तर सीमेवर मधोमध तुटते. उपाय आहेत: बेडरॉकमध्ये टिकिंगएरिया या आज्ञेने १० क्षेत्रे, प्रत्येकी जास्तीत जास्त १०० चंकांची, कायम चालू ठेवता येतात, जावामध्ये त्यासाठी फोर्सलोड आहे. पण यजमान संगणकाची, म्हणजे ज्यावर खेळ चालतो त्याची, ताकद पुरते तोवरच.

कारण हिशेब शेवटी त्याच्यावर येऊन थांबतो. जावा आवृत्ती वेगवेगळ्या ब्लॉकांनी भरलेल्या भागात प्रत्येक ब्लॉकसाठी किमान ४ बिट खर्च करते. (रेडस्टोन भुकटीच्याच १२९६ स्थिती असू शकतात: विजेच्या १६ पातळ्या आणि चार बाजूंना तीन-तीन प्रकारच्या जोडण्या. त्यामुळे प्रत्यक्षात ४ हून जास्तच.) वीस ब्लॉकांचे ८० बिट. खेळातला एक बिट यजमानाच्या मेमरीतून ऐंशीला एक या भावाने विकत घ्यावा लागतो. आतला संगणक बाहेरच्यापेक्षा मोठा होणे शक्यच नाही, हे वेगळे सांगायला नको.

पट्टीचे यंत्र बांधायचेच असेल तर बिट म्हणजे ब्लॉक आहे किंवा नाही, असे धरतात. नवी घरे हवीत म्हणून पाणी आणि लाव्हा भिडवून दगड तयार करणारे जनित्र पट्टीच्या टोकाला लावतात. दगड संपत नाही. पट्टी पिस्टन ढकलतात, पण एक पिस्टन एका वेळी १२ ब्लॉकच ढकलतो. म्हणून दर १२ घरांना एक पिस्टन, मध्ये एक जागा रिकामी, आणि धक्का लाटेसारखा एकामागून एक. सगळे पिस्टन एकदम सोडले की पट्टी जागची हलत नाही आणि कुठे अडले ते शोधायला संध्याकाळ जाते.

अशा यंत्राला खरी कसोटी कोणती द्यावी? पाच स्थितींच्या ‘बिझी बीव्हर’ची. पाच स्थिती आणि दोन चिन्हे असलेल्या यंत्रांपैकी कधीतरी थांबणारे सर्वांत चिवट यंत्र ४,७१,७६,८७० पावलांनी थांबते. हे यंत्र १९८९ पासून ठाऊक होते. त्याहून चिवट दुसरे नाही, हे २०२४ मध्ये सिद्ध झाले. ते थांबते तेव्हा पट्टीवर ४०९८ एक आणि त्यांच्या अधेमधे ८१९१ शून्ये असतात: १२,२८९ घरे, दीड किलोबाइट. म्हणजे हजाराच्या वर पिस्टन, आणि पट्टी सरळ टाकली तर वर सांगितलेल्या २१ चंकांच्या, म्हणजे ३३६ ब्लॉकच्या, चालू चौकात मावत नाही, निदान ३७ रांगा कराव्या लागतात. आणि एका पावलाला २० टिक, म्हणजे २ सेकंद धरले, तर अखंड १०९२ दिवस, जवळपास तीन वर्षे. पाच ओळींत मावणारी आज्ञावली! सोळा बाइटांचे यंत्र मात्र यात फार आधीच पट्टीच्या टोकावरून खाली पडते, आणि ‘फक्त सावकाश’ या शब्दांनी ते वाचत नाही.

फॅक्टोरिओ या कारखाने उभारण्याच्या खेळात चित्र बरेच वेगळे आहे आणि शिकायला तो आम्हाला जास्त सोयीचा वाटतो. तिथे तारेवर बिट नसतो, ३२ बिटांची संख्या असते, आणि एकाच तारेवर वेगवेगळ्या चिन्हांच्या शेकडो संख्या एकत्र धावतात. डिसायडर कॉम्बिनेटरचे (अट पाळली गेली तरच संख्या पुढे सोडणाऱ्या भागाचे) बाहेरचे टोक त्याच्याच आतल्या टोकाला जोडले आणि ‘लिहा’ चिन्ह शून्य असेपर्यंत सगळे जाऊ दे अशी अट घातली की झाली मेमरी. नवी किंमत दुसऱ्या डिसायडरने, ‘लिहा’ चिन्ह असेल तेवढ्या एकाच टिकपुरती सोडायची. सेकंदाला ६० टिक, दर कॉम्बिनेटरला १ टिक. चूकही ठरलेली: नवी किंमत फेऱ्याच्या तारेवर थेट सोडतात, मग ती दर टिकला मिळवली जाते आणि ५ चे दहा टिकांत ५० होतात. २१४,७४,८३,६४७ ला पोचल्यावर आणखी १ मिळवला की काटा एकदम उणे २१४,७४,८३,६४८ वर उडी मारतो. साठ्यात उणे लोखंड दिसले की समजावे. खेळाडू कुठेही असला तरी जोडणी चालू राहते, चंकांची कटकट नाही. नकाशाला सीमा मात्र आहे, २० लाख गुणिले २० लाख घरे.

फॅक्टोरिओवाले एक जास्तीचा दावा करतात. मार्विन मिन्स्की यांनी १९६० च्या दशकात दाखवले की नुसते दोन मोजणीचे काटे, एक मिळवणे, एक वजा करणे आणि शून्य आहे का पाहणे, एवढ्यावर ट्युरिंगचे कोणतेही यंत्र चालवता येते. दोन काटे तर दोन कॉम्बिनेटरांत होतात, मग झाले की! नाही झाले. मिन्स्कींचे काटे अमर्याद आहेत. अनेक आकडे एका काट्यात भरण्याची त्यांची युक्ती अशी: तीन आकडे असतील तर २, ३ आणि ५ यांचे तेवढे-तेवढे घात करून गुणाकार साठवायचा. तिन्ही आकडे ६ असतील तर ३० चा सहावा घात, ७२ कोटी ९० लाख, मावतो. तिन्ही ७ झाले की २,१८७ कोटी, आणि ३२ बिटांचा काटा दहापटीने फुटतो. सातपर्यंतही मोजता न येणाऱ्या यंत्राला ट्युरिंग-पूर्ण म्हणायचे की नाही, ते वाचकांनी ठरवावे.

बाकीच्या खेळांचे थोडक्यात. टेरारियाचे मोठ्यात मोठे जग ८४०० गुणिले २४०० घरांचे, २ कोटी १ लाख ६० हजार. तिथे वादच नाही. ड्वॉर्फ फोर्ट्रेसमध्ये पाण्याच्या पातळीने बिट साठवतात, पण सातातली एकच पातळी पाणी उरले की ते हवेत उडून जाते आणि बिटही जातो. हे ऐकून हसण्याचे कारण नाही. आपल्या संगणकातल्या डीरॅमचा, म्हणजे मुख्य मेमरीचा, विद्युतभारही गळतो आणि साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. राहता राहिला गणिती जॉन कॉनवे यांचा गेम ऑफ लाइफ, चौकोनी घरांच्या पाटीवर चालणारा, १९७० चा. त्याची पाटी व्याख्येनेच अमर्याद आहे, म्हणून त्याला ट्युरिंग-पूर्ण म्हणणे पूर्णपणे योग्य. त्यात खरेखुरे ट्युरिंग यंत्र २००० साली बांधले गेले. पण तेही तुमच्या पडद्यावर चालवताना तुमच्या संगणकाच्या मेमरीइतकेच.

शहरातल्या शाळांत प्रदर्शनांची तयारी सुरू होईल, म्हणून शिक्षकांना एक विनंती. तक्त्यावर ‘ट्युरिंग-पूर्ण संगणक’ असे न लिहिता यंत्राचे आकडे लिहून घ्यावेत: किती शब्द, प्रत्येकी किती बिट, पत्ता किती बिटांचा, एका आज्ञेला किती टिक, अटीवरची उडी आहे की नाही, आणि खेळाची आवृत्ती कोणती. शेवटचे विसरू नये. पाठ म्हणून पाहिलेले बरेच व्हिडिओ जावा आवृत्तीचे असतात आणि मुले बांधतात मोबाइलवरच्या बेडरॉकमध्ये. तिथे वरून तिरकी वीज घेऊन हलणारे पिस्टन हलत नाहीत आणि एकाच टिकवर सुटलेल्या पिस्टनांचा क्रम ठरलेला नसतो. व्हिडिओ बरोबर, बांधणीही बरोबर, तरी चालत नाही, याचे निम्म्या वेळा हेच कारण असते. परीक्षकांनी शेवटच्या पत्त्यावरचा शब्द आवर्जून मागावा.

आणि आपल्याला विनंती अशी की, लेखातले ते वाक्य पुढच्या अंकात असे दुरुस्त करावे: माइनक्राफ्टचे जग अमर्याद मानले तर त्याच्या नियमांनी ट्युरिंग यंत्र बांधता येते, लेखाबरोबरच्या छायाचित्रातल्या संगणकाची मेमरी मात्र १६ बाइट आहे.

आपले,
संगणक-तर्क शिकवणारे तीन वाचक,
दांडिया बाजार, बडोदे